सातवीपासून सांधा

“मावशी, पाटी जरा खाली घ्या. तोंड झाकतंय.”

फोटोवाला म्हणाला. मी पाटी छातीपाशी आणली.

शाळेच्या सभागृहात, स्टेजवर, आम्ही पाच आया ओळीने उभ्या होतो. पाचजणींच्या अंगावर शाळेची निळी साडी. पाचजणींच्या हातात पाटी. लहान पोरांची असते तसली, चौकटीला रंगीत मणी लावलेली. समोर पालक, शिक्षक, पाहुणे. माझ्या पाटीवर माझं नाव कन्नड अक्षरांत आधीच लिहून ठेवलेलं होतं. फिकट. जेमतेम मला दिसेल एवढं. मी फक्त त्याच्यावरून खडू फिरवायचा होता. स्टेजवर चूक होऊ नये म्हणून ही सोय.

प्रिन्सिपल मॅडम माइकवर बोलत होत्या. थोडं इंग्रजी, थोडं कन्नड. सगळं मला कळलं. कालपर्यंत या बायकांना अक्षराची ओळख नव्हती. आज त्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिणार आहेत. जोरात टाळ्या होऊ द्या.

टाळ्या झाल्या.

मी सातवी पास आहे. वडगावच्या मराठी शाळेतून. पहिल्या वर्गात.

माझ्या डाव्या हाताला, त्याच स्टेजवर, मखमली खुर्चीवर शैला मॅडम बसल्या होत्या. शाळेच्या ट्रस्टींच्या मिसेस. गळ्यात चंदनाचा हार, मांडीवर शाल, पायाशी फळांची बुट्टी. त्यांनाही सहा-सात महिन्यांपूर्वी कन्नड वाचता येत नव्हतं. त्यासुद्धा ह्याच शाळेत, ह्याच टीचरकडे, ह्याच फळ्यावरून शिकल्या. मी शिकले तीच अक्षरं.

त्यांना शाल. मला पाटी.

ती शाल सकाळी मीच इस्त्री केली होती.

*

आता क्रमाने सांगते. मला कुठलीही गोष्ट क्रमाने लागते. कामाला लागण्याआधी कामांची यादी, बाजाराला जाण्याआधी बाजाराची यादी. गंगाक्का चेष्टा करते. म्हणते, “ही मरायच्या आधीबी यादी करंल. कुणी कुठं बसून रडायचं त्याची.” करीनही. नाहीतर सगळ्याजणी एकाच कोपऱ्यात गर्दी करतील.

गंगाक्का माझ्याबरोबरची आया. येळ्ळूरची. घरी थोडी शेती, जावई कारखान्यात, आणि ती रोज बसने बेळगाव शहरात येते. मी वडगावची, विणकराच्या घरातली. नवरा दुसऱ्याच्या पॉवरलूमवर काम करतो. शाळा शहरातली एक इंग्रजी शाळा आहे. नाव सांगत नाही. ज्याला ओळखायची त्याने ओळखावी.

कोणत्या आयाने कुठला मजला झाडायचा, कुणी बालवाडीच्या पोरांना बाथरूमला न्यायचं, फिनेल किती उरलं, हे सगळं मी रोज सकाळी कागदावर लिहिते आणि स्टोअरच्या दारावर चिकटवते. मराठीत. बाकीच्या चौघी ते वाचतात आणि कामाला लागतात. वाचून भांडतातसुद्धा, “बाथरूम परत मलाच का गं?” म्हणून. त्याच चौघी आणि मी, आम्ही पाचजणी पुढे निरक्षर निघालो.

त्याचं असं झालं. एक दिवस दुपारी आम्ही स्टोअरमागच्या पायऱ्यांवर जेवत होतो. ऑफिसचा क्लार्क एक छापील कागद घेऊन आला. कागद कन्नड. त्याने विचारलंही कन्नडमध्ये. “ओदाक बरतदेनु?” वाचायला येतं का?

“इल्री,” गंगाक्का म्हणाली. नाही हो.

मीपण म्हटलं, “इल्री.” पाचजणी तेच म्हणाल्या. खरंच होतं ते. आमच्या भागात असंच असतं. जिभेवर दोन भाषा, डोळ्यांत एकच. भाजीवाल्याशी, कंडक्टरशी, दवाखान्यात आम्ही फडाफडा कन्नड बोलतो. पण शाळा मराठी झाली. कन्नड अक्षर दिसलं की जिलबी बघितल्यासारखं बघतो. कन्नड कागद घेऊन, कन्नडमध्ये माणूस विचारतोय वाचायला येतं का, म्हणजे कन्नडच विचारतोय, असं आम्ही धरलं. इथलं कुणीही तसंच धरेल. त्याने मात्र पाच खुणा केल्या आणि गेला. आम्ही उरलेली भाकरी खाल्ली.

पुढच्या आठवड्यात कळलं की शाळेत संध्याकाळी पाच वाजता मोठ्यांसाठी कन्नडचा वर्ग सुरू होणार. शिक्षण आयुष्यभर चालू राहिलं पाहिजे, असं शाळेने ठरवलं होतं. गेटवर तसा फलकही लागला.

मला आनंद झाला. माझी गरज होती. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात एक मामा मदतनीस आहेत. ते निवृत्त होणार आहेत. ती जागा मला पाहिजे. पुस्तकं लावायची, नोंद करायची, पोरांना काढून द्यायची. क्रमाने लावायचं काम. माझ्यासाठीच केलेलं. पण तिथे दहावी पास लागतं. दहावीला बाहेरून बसता येतं, वयाची अट नाही, हे मी विचारून ठेवलं होतं. मराठी येतं, गणिताला घाबरत नाही, बाकीचं पाठ करीन. अडत होतं ते कन्नडच्या पेपरला. आणि कन्नडचा वर्ग आपण होऊन माझ्या दारात आला होता.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, “बस की. पन नापास झालीस तर गल्लीत सांगू नगं.”

*

पहिल्या दिवशी वर्गात गेलो तर दोन गट केलेले. पुढे बाकं, खुर्च्या. मागे भिंतीशी जमखाना अंथरलेला. पुढचा भाषा गट. मागचा साक्षरता गट. पुढच्यांना छापील पुस्तक. मागच्यांना पाटी.

पुढे शैला मॅडम आणि त्यांच्यासारख्या आणखी तीन-चारजणी. मागे आम्ही. फळा एक. कन्नडच्या टीचर एक. अक्षरं तीच.

मी टीचरना विचारलं, “आम्हाला लिहाय-वाचायला येतं. मराठी. मग हा गट कशाला?” टीचर पोरसवदा, धारवाडकडच्या. त्या म्हणाल्या, “नाव आहे हो मावशी नुसतं. शिकायचं ते सेमच.” मला पटलं. मी व्यवहारी बाई आहे. जमखान्यावर बसून शिकलं म्हणून अक्षर वाकडं येत नाही.

पण हेवा वाटायला लागला तो त्याच दिवसापासून.

शैला मॅडम माझ्याच वयाच्या. एखादं वर्ष इकडे तिकडे. लग्न होऊन बेळगावात आल्या त्याला पंचवीस-तीस वर्षं झाली. माहेर-सासर दोन्हीकडे मराठी. बाहेर पडायला गाडी, कागद वाचायला दिवाणजी. इतक्या वर्षांत कन्नड पाटी वाचायची वेळच आली नाही. आता मुलं परदेशी गेली. पहिल्या दिवशी टीचरनी विचारलं, तुम्हाला कन्नड का शिकायचं आहे? मॅडम हसून म्हणाल्या, “काही नाही हो. म्हटलं, मेंदू गंजायला नको.”

आम्हाला विचारलं नाही. निरक्षरांना का शिकायचं ते कोण विचारतो?

त्यांच्या साडीचा मला हेवा नव्हता. साड्या आमच्या घरात विणल्या जायच्या, साडीचं मला काय कौतुक? दागिन्यांचाही नाही. मला हेवा वाटायचा त्यांच्या पाच वाजण्याचा. त्यांच्या पाच वाजता अजून काहीच झालेलं नसायचं. ताज्या यायच्या. पावडरचा वास. माझं पाच वाजेपर्यंत मजले झाडून, पुसून, बालवाडीची ओकारी निपटून झालेलं असायचं. आधी मी त्यांना चहा द्यायचे. मग कप विसळायचे. मग ओले हात पदराला पुसून जमखान्यावर बसायचे. तोवर फळ्यावरची पहिली ओळ पुसलेली असायची.

त्यांच्या पेन्सिलीचा हेवा वाटायचा. टोक केलेली, मागे खोडरबर. साखळीला अडकवलेल्या चष्म्याचा वाटायचा. मला मागून फळा धूसर दिसायचा. आणि ‘मला कळलं नाही, परत सांगा’ असं त्या ज्या आवाजात म्हणायच्या ना, त्या आवाजाचा. काही भीती नाही, लाज नाही. कळलं नाही, म्हणजे समोरच्याचं काम अजून संपलेलं नाही, इतकं साधं. मी तसं म्हणायला तोंड उघडायचे आणि खोकायचे.

कधी कधी वाटायचं, यांना आज ताप यावा. एकच दिवस. खुर्ची रिकामी राहील, मी बसून बघीन तिथून फळा कसा दिसतो. ताप कधी आला नाही. चांगलं खाणाऱ्या माणसाला सहसा येत नाही.

एक दिवस टीचरनी श्रुतलेखन घेतलं. कन्नडमध्ये ‘प’ आणि ‘व’ जवळजवळ सारखे दिसतात. शैला मॅडमनी एकाच्या जागी दुसरं लिहिलं. वर्ग हसला. मॅडमही हसल्या. टीचर म्हणाल्या, “असं होतं हो मॅडम. या वयात तुम्ही शिकताय हेच केवढं मोठं!” मग टीचर मागे आल्या. माझी पाटी बघितली. मीही तीच चूक केली होती. तेच अक्षर.

“लक्ष कुठं असतं मावशी? घरी सराव करत जा जरा.”

त्या दिवशी कप विसळताना मला कळलं की मला मॅडमच्या हुशारीचा हेवा वाटत नाही. हुशार त्या माझ्याइतक्याच आहेत. जास्त नाहीत. मला त्यांच्या चुकांचा हेवा वाटतोय. चूक एकच. त्यांची कौतुकाची झाली, माझी आळसाची.

हा हेवा माझ्या ओळखीचा होता. जुना होता.

*

आप्पांचे दोन हातमाग होते. आप्पा म्हणजे माझे वडील. मागच्या खोलीत खड्ड्यात पाय सोडून ते विणायचे. आई त्यांना सूत गुंडाळून कांड्या भरून द्यायची. मोठा भाऊ, त्याला आम्ही अण्णा म्हणायचो, शाळेत. मी शाळेत. मी सातवी पास झाले त्या उन्हाळ्यात आईचा खांदा धरला. हात वर होईना. आप्पांनी मला हाक मारली. रागाने नाही. प्रेमाने मारली.

“आक्का, सातवी लई झाली बघ. कांड्या कोण भरनार?”

संपलं. एवढंच वाक्य. माझं शिक्षण थांबलं ते एवढ्या वाक्याने. मारलं नाही, रडवलं नाही. मी कांड्या भरायला बसले.

अण्णा दहावीला नापास झाला. आप्पांनी परत फॉर्म भरला. परत नापास झाला. परत भरला. “पोरगं हाय. चुकतंय. शिकंल,” आप्पा शेजाऱ्यांना सांगायचे. मी कांडी फिरवत ऐकायचे. मी पास होत होते, माझं थांबलं. तो नापास होत होता, त्याचं चालू. त्याचं पुस्तक उघडं पडलेलं असायचं आणि तो बाहेर क्रिकेट खेळत असायचा. मी त्या पुस्तकाकडे बघायचे. भूक लागलेल्याने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसं.

चुकायलाही ऐपत लागते. ज्याला एकदाच संधी आहे त्याला चुकता येत नाही.

एक गोष्ट आहे, जी विणकराच्या घरात सगळ्यांना माहीत असते आणि बाहेर सांगावी लागते. मागावर उभा ताणलेला सुताचा ताणा असतो. साडी विणून झाली, ताणा संपला, तरी तो पुरा कापून काढत नाहीत. शेवटची हातभर सुतं मागाच्या फणीत, तिच्या बारीक घरांत, तशीच ठेवतात. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा ह्या जुन्या टोकाला सांधतात. बोटांना राख लावायची, दोन टोकं जुळवायची, पीळ द्यायचा. एक धागा झाला की दुसरा. शेकडो असतात. मग जुनी टोकं धरून हळूच ओढायचं. नवा ताणा आपोआप आपापल्या घरातून पुढे येतो. टोकं कापून टाकली तर सगळं पहिल्यापासून, प्रत्येक धागा फणीच्या घरातून ओवत बसावं लागतं. म्हणून आप्पा म्हणायचे, कात्री सगळीकडं चालवा, टोकावर न्हाय.

ते सांधायचं काम बायकांचं. कांड्या भरता भरता मी तेही शिकले. माझी बोटं बारीक होती.

ज्या घरात सुताचं टोक कापत नव्हते, त्या घरात माझं कापलं. तेव्हा हे सुचलं नव्हतं. स्टेजवर सुचलं.

*

कार्यक्रमाच्या आधी मी ऑफिसात गेले होते. ग्रंथालयाच्या जागेसाठी माझं नाव घ्या, दहावीचा फॉर्म मी भरणार आहे, असं सांगायला.

क्लार्क म्हणाला, “मावशी, तुम्ही साक्षरता गटात आहात. आधी नवसाक्षर म्हणून सर्टिफिकेट मिळू दे. मग पुढं बघू.”

“मी सातवी पास आहे.”

“रेकॉर्डला तसं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी दाखला नेला. ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली ठेवलेला. त्याने उलटसुलट बघितला. त्याला मराठी वाचता येत होतं. बेळगावात क्लार्कला येतंच. वाचून त्याने तो परत माझ्या हातात दिला.

“खरं आहे हो तुमचं. पण पाच नावं वर कळवली. पाहुणे येणार. आता ऐन वेळी चार कशी करायची?”

म्हणजे त्यांना पाच निरक्षर पाहिजे होते. मी शिकलेली निघाले तर त्यांचा कार्यक्रम बिघडत होता. आणि एकदा का मी पाटी घेऊन फोटोत उभी राहिले, शाळेच्या भिंतीवर तो फोटो लागला, की मला ग्रंथालयात कोण घेणार? कालपर्यंत जिला अक्षर कळत नव्हतं तिच्या ताब्यात पुस्तकं कोण देणार?

तरीही मी स्टेजवर गेले. खरं सांगते, ठरवून काही गेले नाही. नोकरी आहे. उभं राहा म्हटलं की उभं राहायचं.

माझ्याआधी पाहुण्यांचं भाषण झालं. शिक्षणाला वय नसतं, म्हणाले. खरं आहे. वय नसतं. जागा असते. कोण खुर्चीवर, कोण जमखान्यावर. मग शैला मॅडमचा सत्कार. मॅडम दोन वाक्यं कन्नडमध्ये वाचून बोलल्या. एक अडलं. सभागृहाने प्रेमाने टाळ्या वाजवल्या. अडलं त्याच जागी वाजवल्या.

मग पाटी.

मी खडू हातात घेतला. फिकट अक्षरं बघितली. माझं नाव, कुणीतरी माझ्यासाठी लिहून ठेवलेलं. मी नुसती गिरवणार. खडू टेकवणार एवढ्यात शैला मॅडम खुर्चीतून थोड्या पुढे झुकल्या. चांगल्या मनाने. मान हलवून म्हणाल्या, “लिही, लिही. घाबरू नकोस.”

घाबरू नकोस.

मी पदराने पाटी पुसली. सगळी. मग मराठीत लिहिलं. मोठ्या अक्षरात. ‘मी सातवी पास.’ आणि फोटोवाल्याला दिसेल अशी वर धरली.

प्रिन्सिपल मॅडम माइक घेऊन शेजारीच उभ्या होत्या. मी म्हटलं, “जरा देता?” त्यांनी दिला. सवयीने दिला असेल. इतकी वर्षं मी त्यांच्याकडून वस्तू घेऊन जागेवर ठेवत आले होते.

मी म्हणाले, “मला कन्नड वाचता येत नव्हतं. शैला मॅडमनाही येत नव्हतं. आम्ही एका वर्गात शिकलो. त्यांना कुणी निरक्षर म्हटलं नाही. मलाही म्हणायचं नाही. माझी सातवी आहे. मला पहिल्यापासून सुरू करू नका. सातवीपासून सांधा.”

मग तेच सगळं कन्नडमध्ये सांगितलं. बोलायला मला येतंच.

टाळ्या नाहीत. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेऊन विचारलं, “मॅडम, हा घ्यायचा का नको?” प्रिन्सिपल मॅडमनी माइक काढून घेतला आणि “थँक्यू मावशी, नेक्स्ट” म्हणाल्या.

नेक्स्ट गंगाक्का होती. तिने गिरवलं. हळूहळू, नीट, रेघेबाहेर न जाता. तिला टाळ्या मिळाल्या. जरा जास्तच मिळाल्या.

*

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघी सभागृह झाडायला होतो. हारांची फुलं, चिवड्याच्या कागदी बश्या. झाडता झाडता गंगाक्का म्हणाली,

“मी गिरवलं म्हनून राग आलाय व्हय?”

“न्हाय.”

“आलाय. झाडू बघ कसा आपटायलीस.”

“तुझ्यावर न्हाय, गंगाक्का.”

ती कोपऱ्यात बसली. गुडघे दुखतात तिचे. म्हणाली, “तुझी सातवी हाय. तुला पाटीवर लिवायला काय तरी हाय. माझी चौथीबी पुरी न्हाय गं. मी काय लिवू? ‘मी चौथीत बसले होते’?”

मी थांबले. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला चांगली माहीत होती. मी शैला मॅडमच्या खुर्चीकडे तशी बघायचे. अण्णाच्या पुस्तकाकडे तशी बघायचे. गंगाक्का माझ्या सातवीचा हेवा करत होती. माझ्या सातवीचा! जिला ऑफिसात किंमत नव्हती, त्या दाखल्याचा.

“मग तू चौथीपासून सांध,” मी म्हटलं.

“व्हय. आन् उद्या मला हेडबाई करत्यात.” हसली. पण उठताना माझा हात न धरता उठली.

सोमवारी मला लेखी समज मिळाली. वर्तन अशोभनीय. पाहुण्यांसमोर शाळेची प्रतिमा. मी वाचली आणि पोच म्हणून सही केली. मराठीत, पूर्ण नावाची. सही करताना क्लार्ककडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

आणि साक्षरता गट बंद झाला. गैरसमज नकोत म्हणून. भाषा गट चालू राहिला. त्यांना कुणाचा गैरसमज झालेला नव्हता.

बुधवारी चहा देताना शैला मॅडमनी मला थांबवलं. चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, “अगं, आधी मला सांगायचंस ना. मी बोलले असते ह्यांच्याशी. सगळ्यांसमोर कशाला?” मी आधी ऑफिसात सांगितलंच होतं. त्यांनी पिशवीतून त्यांचं पहिलं पुस्तक काढलं. झालेलं होतं त्यांचं, आता त्या दुसऱ्यावर होत्या. “हे तुला घे. मला आता लागत नाही.”

घेतलं. खोटं कशाला बोलू? पुस्तकाचा काय दोष? पण घेताना मनात आले ते आभार नव्हते. त्यांना पुस्तक लागत नाहीसं होतं, आणि मग ते माझं होतं. त्यांनी घालून सोडलेलं. समासात त्यांच्या टोकदार पेन्सिलीने काढलेल्या खुणा. चुकलेल्या अक्षराशी त्यांनी एक हसरा चेहरा काढला होता. मी तो चेहरा बराच वेळ बघत राहिले. चुकल्यावर स्वतःशी हसता येणं. हे कुठल्या शाळेत शिकवतात?

मला जुनं पुस्तक नको होतं. मला शेजारची खुर्ची हवी होती.

*

गुरुवारी पाच वाजता मी चहा दिला. कप विसळले. हात कोरडे केले, नीट, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. मग वर्गात गेले. मागे भिंतीशी जमखाना गुंडाळून उभा केलेला होता. शेजारी जास्तीच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या. मीच रचलेल्या. वरची एक काढली. पुढे आणली. शैला मॅडमच्या शेजारी ठेवली आणि बसले. चष्मा लावला. नवा होता. मोफत तपासणीच्या शिबिरातला.

तिथून फळा एकदम स्वच्छ दिसतो. उगीच नाही शिकत ही माणसं.

मॅडमनी पिशवी जवळ ओढली. मागच्या दोघी एकमेकींशी कुजबुजल्या. टीचर खडू धरून उभ्या.

“मावशी, हा वर्ग भाषा गटाचा…”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “मी भाषाच शिकायला आलेय.”

टीचरनी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग त्या फळ्याकडे वळल्या आणि शिकवायला लागल्या. मी लिहायला लागले. ‘प’ आला. ‘व’ आला. एका ठिकाणी परत चुकलं. मी हात वर केला.

“मला कळलं नाही. परत सांगा.”

आवाज थोडा फाटला. पण शब्द पुरे बाहेर आले. टीचरनी परत सांगितलं.

लोक म्हणतात, हेवा वाईट. माणसाने समाधानी असावं. ज्यांच्या बुडाखाली खुर्ची आहे ते सांगतात हे. मला समाधानी राहायला सातवीनंतरच सांगितलं होतं, आणि मी राहिले, आणि त्यात माझं अर्धं आयुष्य कांड्यांवर गुंडाळलं गेलं. समाधानाने मला कुठे नेलं नाही. हेव्याने पुढच्या रांगेत आणलं. तो मी सोडणार नाही. शैला मॅडम अजून शेजारी बसतात, त्यांची पेन्सिल अजून माझ्यापेक्षा टोकदार असते, आणि मला अजून जळायला होतं. होऊ दे.

दहावीचा फॉर्म मी भरणार. मराठी पहिली भाषा. कन्नडचा पेपरही देणार. नापास झाले तर परत भरणार. परत झाले तर परत. अण्णाला जेवढ्या वेळा भरला तेवढ्या वेळा, आणि त्याच्याहून एकदा जास्त. आणि गल्लीत सांगणार. ग्रंथालयाच्या जागेवर माझं नाव घेतलं नाही तर का घेतलं नाही ते लेखी मागणार.

माझ्या पलीकडे मी आणखी एक खुर्ची ठेवते. रोज ठेवते. गंगाक्का अजून आत आलेली नाही. दाराशी येते, चहाचा ट्रे घेऊन उभी राहते, फळ्याकडे बघते, बसची वेळ झाली म्हणते आणि जाते. पण आता ट्रे नेताना ती पहिल्यापेक्षा जास्त वेळ उभी असते.

मला त्या खुर्चीवरून उठवायचं असेल तर या. हाताला धरून, सगळ्यांसमोर उठवा. मी आपणहून उठणार नाही.